पावत्या पॅरिसमध्ये राहिल्या

ऑगस्ट १७७८ मध्ये सायलस डीन फिलाडेल्फियात काँग्रेसपुढे हजर झाला. काँग्रेस म्हणजे तेव्हाची तेरा बंडखोर वसाहतींची सभा. फ्रान्सच्या राजाने दिलेली सोन्याची डबी त्याच्याजवळ होती, झाकणावर हिऱ्यांच्या कोंदणात खुद्द सोळाव्या लुईचं चित्र. परराष्ट्रमंत्री व्हेर्जेनचं प्रशस्तिपत्र होतं, बेंजामिन फ्रँकलिनचं शिफारसपत्र होतं. सहा महिन्यांपूर्वी ज्या तहावर त्याने सही केली होती, त्या तहामुळे फ्रान्स लढाईत उतरला होता. सभेने मात्र त्याच्याकडे हिशेब मागितला, आणि हिशेबाचे कागद पॅरिसमध्ये राहिले होते.

पुढची अकरा वर्षं हा माणूस तेवढ्या एका गोष्टीभोवती फिरत राहिला आणि त्यातच संपला. अमेरिकेने परदेशात पाठवलेला हा पहिला वकील. पेशवाईत ज्या अर्थाने वकील म्हणत, त्या अर्थाने. आज त्याचं नाव इतिहासाच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्यात दोन तट आहेत, एका तटाला तो चोर वाटतो आणि दुसऱ्याला हुतात्मा. माझी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे असेल, मला दोन्ही पटत नाही. मला ते एक अवघड व्हाउचर वाटतं. काम झालेलं दिसतं, पैसा गेलेला दिसतो, पण दोन्हींना जोडणारा कागद लागत नाही.

डीन कनेटिकटमधल्या ग्रोटनचा, लोहाराचा मुलगा. १७५८ मध्ये येल कॉलेजातून बाहेर पडला, काही दिवस शाळेत शिकवलं, मग कायदा शिकून वेदर्सफील्ड या नदीकाठच्या व्यापारी गावात बस्तान बसवलं. १७६३ मध्ये त्याने एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या विधवेशी लग्न केलं. तिच्याबरोबर दुकान आलं, गलबतांचा व्यवहार आला, सावत्र मुलं आली. ती चार वर्षांत वारली. दुसरी बायको माजी गव्हर्नरच्या घराण्यातली. लोहाराच्या भात्यापासून इथवर यायला त्याला पंधरा वर्षंसुद्धा लागली नाहीत. अशा माणसाविषयी गावात दोन प्रकारची कुजबुज कायम असते, आणि ती पुढे वाईट वेळी कामाला येते.

१७७४ मध्ये तो काँग्रेसवर निवडून गेला. पुढच्या वर्षी टिकोंडेरोगाचा किल्ला घेणाऱ्या मोहिमेला कनेटिकटच्या तिजोरीतून पैसा काढून देणाऱ्यांत तो होता. पण वर्षअखेर त्याच्या प्रांताने त्याला पुन्हा पाठवलं नाही. म्हणजे १७७६ च्या सुरुवातीला तो फिलाडेल्फियात रिकामा होता. व्यापाराची माहिती, काँग्रेसमध्ये ओळखी, आणि युरोपात त्याला कुणी ओळखत नाही. गुप्त पत्रव्यवहार समितीला नेमका असाच माणूस हवा होता. त्याला फ्रेंच येत नव्हतं, ही अडचण कुणी फार मोठी मानलेली दिसत नाही.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या गुंत्याचं मूळ या नेमणुकीतच आहे. ३ मार्च १७७६ च्या लेखी सूचनांनुसार त्याने व्यापारी म्हणून जायचं होतं. मूळ रहिवासी जमातींशी व्यापारासाठी माल खरेदी करतो आहे, असं सांगायचं. आत मात्र व्हेर्जेनला गाठून पंचवीस हजार सैनिकांचे कपडे आणि हत्यारं, दारूगोळा आणि शंभर मैदानी तोफा मागायच्या. मालाच्या खरेदीवर त्याला पाच टक्के अडत मिळणार होती. राजकीय कामाचा मेहनताना किती, याचा आकडा ठरलेलाच नव्हता. काँग्रेसमधल्या बड्या व्यापाऱ्यांचे, विशेषतः रॉबर्ट मॉरिसचे, खासगी सौदेही त्याच्याच हातून व्हायचे होते. त्या काळात हे गैर मानलं जात नसे. पण परिणाम असा झाला की एकच माणूस सरकारी वकील, अडत्या आणि खासगी भागीदार असा तिन्ही टोप्या घालून निघाला आणि तिन्ही कामांचा पैसा एकाच खिशातून जाऊ लागला. खतावणी वेगळी ठेव, असं त्याला कुणी बजावलं नाही. बजावलं असतं तरी गुप्त माणसाने खतावणी ठेवायची कशी?

अशी धूसर माणसं त्या काळात बरीच फिरत होती. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यात नाना फडणवीसांच्या गाठीभेटी घेत होता. तो राजाचा खरा वकील, की स्वतःच्या खटपटीवर आलेला उपद्व्यापी, हे कुणालाच नीट कळत नव्हतं, आणि त्या न कळण्यानेच मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती. फ्रान्सला इंग्रजांवर सात वर्षांच्या युद्धाचा सूड घ्यायचा होता, पण उघड नाही. पुणे असो की फिलाडेल्फिया, व्यवहार नाकारता येईल असाच ठेवायचा.

जुलै १७७६ मध्ये डीन पॅरिसला पोचला. व्हेर्जेनने त्याला भेट दिली, दुभाषाचं काम सचिव जेरारने केलं. माल देणार का, याचं उत्तर सरळ मिळालं नाही, एका नाटककाराकडे बोट दाखवलं गेलं. हा ब्यूमार्शे. घड्याळजीचा मुलगा, सेव्हिलच्या न्हाव्यावरच्या नाटकाने गाजलेला, कर्ज, कोर्टकचेऱ्या आणि गुप्त कामगिऱ्या यांत मुरलेला. मारे भागातल्या एका जुन्या हवेलीत त्याने रोद्रिग ओर्तालेझ आणि कंपनी या स्पॅनिश वाटणाऱ्या नावाची पेढी उघडली होती. ओर्तालेझ नावाचा कुणी माणूस अस्तित्वात नव्हता. पेढीचं भांडवल मात्र खरं होतं. १० जून १७७६ ला फ्रेंच खजिन्यातून दहा लाख लिव्र आले, पाठोपाठ स्पेनकडून तेवढेच. फ्रेंच शस्त्रागारातून जुन्या धाटणीच्या म्हणून बाजूला काढलेल्या तोफा आणि बंदुका पेढीने उचलायच्या आणि अमेरिकेने त्याबदल्यात तंबाखू पाठवायची.

आता प्रश्न असा, की हा माल विकत होता की भेट? डीन आणि ब्यूमार्शे यांच्यात करार झाला तो विक्रीचा. पण त्याआधी ब्यूमार्शे लंडनमध्ये आर्थर ली नावाच्या व्हर्जिनियाच्या बॅरिस्टरला भेटला होता, आणि तिथल्या जेवणांत त्याने राजा मदत देणार असं मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. लीने त्याचा अर्थ भेट असा घेतला आणि तसं अमेरिकेला कळवलं. तो चुकला असं म्हणवत नाही, पहिले दहा लाख राजाने परत मागण्यासाठी दिले नव्हतेच. डीनही चुकला नाही, कारण ब्यूमार्शेने त्यावर उसनवारी करून, स्वतःची पत लावून माल भरला होता. दोघेही आपल्या ठिकाणी बरोबर होते आणि फ्रेंच सरकार खरं काय ते सांगू शकत नव्हतं. सांगितलं असतं तर तटस्थतेचा बुरखा गळून पडला असता.

काम मात्र झालं. १७७७ च्या वसंतात मर्क्यूर आणि अँफित्रीत ही जहाजं न्यू हॅम्पशरच्या पोर्ट्समथला लागली. त्यातल्या बंदुका, दारू आणि कपडे उत्तरेकडच्या फौजेला मिळाले, आणि ऑक्टोबरात साराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइनने आपल्या सैन्यासह शरणागती पत्करली. त्या विजयाच्या बातमीनेच फ्रान्सचा संकोच गेला. ६ फेब्रुवारी १७७८ ला मैत्रीचा आणि व्यापाराचा असे दोन तह झाले. सह्या फ्रँकलिन, डीन आणि आर्थर ली यांच्या. काँग्रेसने १७७६ च्या शरदातच तिघांचं शिष्टमंडळ नेमलं होतं. जेफरसनने नकार दिला म्हणून ली आला. तो नकार डीनला फार महाग पडला.

खरं तर डीनला परत बोलावण्याचा ठराव तहाआधीच, २१ नोव्हेंबर १७७७ ला, झाला होता, आणि त्याला कारण पैसा नव्हताच. कारण होते अधिकारी. पॅरिसमध्ये रोज कुणी ना कुणी सरदारपुत्र त्याच्या दारात उभा राही, आणि डीनला नाही म्हणता येत नसे. काही माणसं सोन्यासारखी निघाली, लाफायेत आणि द काल्ब त्याच्याच करारांवर गेले. पण द्यू कुद्रे नावाच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याला त्याने मेजर जनरलचा हुद्दा आणि साऱ्या तोफखान्याची सत्ता लिहून दिली. वॉशिंग्टनचा तोफखाना तोवर हेन्री नॉक्स सांभाळत होता. नॉक्स, ग्रीन आणि सलिव्हन या तिघांनी राजीनाम्याची धमकी दिली. पेच सुटला तो अपघाताने. सप्टेंबर १७७७ मध्ये स्कूलकिल नदी ओलांडताना द्यू कुद्रेचा घोडा तरीवरून उधळला आणि स्वार बुडाला. तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकणारे पुष्कळ होते. ब्रॉग्ली नावाच्या उमरावाला वॉशिंग्टनच्या वर सरसेनापती नेमावं, असंही डीनने एकदा सुचवलं होतं. यावर मी काही लिहीत नाही, ते निव्वळ खुळचट होतं.

तर ठराव झाला अधिकाऱ्यांवरून. पण पत्र लिहिताना काँग्रेसने ते कारण झाकलं. युरोपची परिस्थिती समजून घ्यायची आहे, लगेच या, असं सभ्य पत्र गेलं. ते डीनला मार्च १७७८ मध्ये मिळालं. सल्ला द्यायला बोलावलं आहे, लवकरच परत येऊ, या समजुतीत त्याने कागदपत्रं पॅरिसमध्येच ठेवली आणि तूलाँहून निघणाऱ्या फ्रेंच आरमाराबरोबर तो निघाला. जेरारही त्याच जहाजावर होता, अमेरिकेतला फ्रान्सचा पहिला राजदूत म्हणून. डीनला वाटलं आपण वाजतगाजत चाललो आहोत.

माझ्या मते हिशेबाच्या अंगाने या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हे पत्र आहे, आणि ती डीनची नाही. ज्याची झडती घ्यायची त्याला झडती आहे हेच सांगितलं नाही, मग तो दप्तर आणेल कसा? त्याच्या जागी गेलेल्या जॉन अॅडम्सला पॅरिसमध्ये ना जमाखर्चाची वही दिसली ना पत्रांची, आणि त्याने ते डायरीत चांगल्या कडक शब्दांत लिहून ठेवलं. आता डीनचीही बाजू पूर्ण स्वच्छ नाही. दीड वर्षात रोजकीर्द लिहायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. एका हाताने राज्याचा आणि दुसऱ्या हाताने मित्रांचा सौदा करणाऱ्याने ती दुप्पट काळजीने लिहायला हवी होती.

फिलाडेल्फियात आर्थर लीचे दोन भाऊ काँग्रेसशी जोडलेले होते, आणि लीची पत्रं वर्षभर येत होती. डीनने सरकारी पैशात हात मारला, ब्यूमार्शेशी संगनमत करून फुकटच्या मालाचं बिल लावलं, असा त्यांचा सूर. सभेत तट पडले. एकीकडे ली आणि मॅसॅच्युसेट्सचे अॅडम्स, दुसरीकडे मॉरिस, जॉन जे आणि व्यापारी मंडळी. ऑगस्टमध्ये डीनचं तोंडी निवेदन ऐकलं, मग महिनोन्महिने काहीच नाही. आरोपपत्र नाही, निकाल नाही, परत जायची परवानगीही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग त्याचा तोल गेला. ५ डिसेंबर १७७८ ला पेनसिल्व्हेनिया पॅकेट या वर्तमानपत्रात त्याने जनतेला उद्देशून पत्र छापलं आणि ली बंधूंची लक्तरं वेशीवर टांगली. हे हात दाखवून अवलक्षण ठरलं. चार दिवसांत काँग्रेसचा अध्यक्ष हेन्री लॉरेन्सने राजीनामा दिला, त्याच्या जागी जे आला. उत्तर द्यायला टॉमस पेन पुढे झाला. तो तेव्हा परराष्ट्र समितीचा चिटणीस होता, म्हणजे दप्तर त्याच्या ताब्यात. रागाच्या भरात त्याने छापलं की डीन फ्रान्सला पोचण्याआधीच या मालाचं वचन भेट म्हणून मिळालं होतं आणि तसे कागद आपल्यापाशी आहेत. जेरार चवताळला. तटस्थ असताना राजाने बंडखोरांना शस्त्रं दिली, हे मित्रराष्ट्राच्या चिटणिसाने छापावं? पेनला नोकरी सोडावी लागली, आणि १२ जानेवारी १७७९ ला काँग्रेसने ठराव करून टाकला की तहाआधी फ्रान्सने कसलीही भेट दिली नव्हती.

या ठरावाने डीन सुटायला हवा होता. भेट नव्हती, म्हणजे विक्री होती, म्हणजे बिल खरं. पण काँग्रेसने ना ब्यूमार्शेचं बिल चुकवलं ना डीनला निर्दोष ठरवलं. ऑगस्टमध्ये त्याला मोकळं केलं आणि युरोपातले हिशेब तपासायला तिकडेच कुणी नेमू असं ठरलं. तो १७८० मध्ये स्वखर्चाने पॅरिसला परतला. ज्या व्यापाऱ्याला तपासनीस नेमलं त्याने काम स्वीकारलंच नाही. पावत्यांपाशी माणूस पोचला, तर तपासणाराच नाही.

इथवर मी डीनच्या बाजूने बोललो असं वाटत असेल, पण १७८१ ची पत्रं मला गिळता येत नाहीत. मे आणि जूनमध्ये त्याने अमेरिकेतल्या मित्रांना लांबलचक पत्रं लिहिली. लढाई हरल्यात जमा आहे, फ्रान्सवर भिस्त ठेवू नका, इंग्लंडशी समेट करा. ही पत्रं इंग्रजांच्या हाती लागली, आणि युद्ध संपत असताना न्यूयॉर्कच्या राजनिष्ठ वर्तमानपत्रात छापून आली. हाती लागली, की लागू दिली? तिसऱ्या जॉर्जच्या पंतप्रधान नॉर्थशी झालेल्या त्या वर्षीच्या पत्रव्यवहारात डीनला तीन हजार पौंडांचा माल देण्याची गोष्ट निघते, तेव्हा निव्वळ योगायोग म्हणणं कठीण आहे. ही पत्रं लिहिली जात होती त्याच मे महिन्यात वेदर्सफील्डमध्ये, डीनच्या घराला लागून असलेल्या त्याच्या सावत्र मुलाच्या घरात, वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो पुढच्या मोहिमेची बोलणी करत होते. मोहीम यॉर्कटाउनला इंग्रजांच्या शरणागतीने संपली, १९ ऑक्टोबरला. पाठोपाठ डीनची निराशा छापली गेली. पैशाचा आरोप कधी सिद्ध झाला नाही, पण फितुरीचा शिक्का आता त्याच्याच अक्षरात होता.

उरलेलं भराभर सांगता येतं. गेंटमध्ये काही काळ, मग १७८३ पासून लंडन. तिथे बेनेडिक्ट आर्नल्ड, अमेरिकी फौजेतला सर्वांत कुख्यात फितूर, त्याच्याकडे आला. डीनने दार लावून घेतलं नाही, आणि जॉन जेने, जो तोवर त्याच्या बाजूने उभा होता, संबंध तोडले. आजारपण, कर्ज, कालव्याच्या योजना. आजारात त्याच्या पत्रांच्या वह्याही कुणी उचलल्या आणि पॅरिसमध्ये जेफरसनला विकायला आणल्या. जेफरसनने त्यातल्या काही सरकारसाठी विकत घेतल्या. ज्या कागदांसाठी अख्खं प्रकरण पेटलं, त्यातले थोडे सरकारदरबारी पोचले ते असे, चोराकडून.

१७८९ मध्ये अमेरिकेत नवं सरकार आलं आणि २ सप्टेंबरला खजिना खातं स्थापन झालं, लेखापरीक्षकाच्या जागेसकट. अखेर तपासणारा मिळाला असता. डीन बॉस्टन पॅकेट जहाजाने निघाला. २३ सप्टेंबरला जहाज अजून इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच असताना त्याला अचानक भोवळ आली, आणि काही तासांत तो गेला. डील गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. तीन दिवसांनी अमेरिकेच्या सिनेटने जॉन जेला पहिला सरन्यायाधीश म्हणून मान्यता दिली.

पैशाचा निकाल लागायला आणखी अर्धं शतक गेलं. ब्यूमार्शे १७९९ मध्ये वारला, त्याच्या वारसांना १८३५ मध्ये आठ लाख फ्रँक देऊन प्रकरण मिटवलं. पहिल्या दहा लाखांची पावती १७९४ मध्येच बाहेर आली होती, सही ब्यूमार्शेची. डीनच्या नातीने अर्ज लावून धरला. १८४२ मध्ये काँग्रेसने आधीची तपासणी एकतर्फी आणि चुकीची असल्याचं मान्य केलं आणि वारसांना ३७,००० डॉलर दिले. त्या जुन्या तपासणीमागे आर्थर लीचा हात होता.

लीविषयी एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तो सगळ्यांवरच संशय घ्यायचा. त्याचा स्वतःचा चिटणीस इंग्रजांचा हेर निघाला, ते त्याला दिसलं नाही. पण डीनच्या घरात ऊठबस असलेल्या डॉक्टर एडवर्ड बॅन्क्रॉफ्टला तो हेर म्हणाला होता, तेव्हा डीन आणि फ्रँकलिन दोघांनीही ते झटकून टाकलं. बॅन्क्रॉफ्ट डीनच्या शाळेतला जुना विद्यार्थी. गयानात डॉक्टरी केलेला, तिथल्या विषांवर आणि विजेच्या माशांवर लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीत पोचलेला. पॅरिसला गेल्यावर त्याला बोलावून घे, असं डीनच्या लेखी सूचनांतच होतं. १९५९ मध्ये ज्युलियन बॉइड या इतिहासकाराने शंका काढली की डीन अमेरिकेत जाऊन काही बोलेल या भीतीने बॅन्क्रॉफ्टनेच त्याला विष दिलं असावं. डॉक्टरला विषांची माहिती होती एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही, मी तरी ते व्हाउचर मंजूर करणार नाही.

बॅन्क्रॉफ्ट १८२१ मध्ये वारला, प्रतिष्ठित संशोधक म्हणून. १८८९ मध्ये ब्रिटिश दप्तर उघडलं तेव्हा त्याचं हेरपण कळलं. मंगळवारी संध्याकाळी त्वीलरीच्या बागेतल्या एका झाडाच्या ढोलीत तो बाटली सोडायचा, आत अदृश्य शाईतली पत्रं. त्याच दप्तरात १७७६ चं त्याचं एक टिपण आहे. डीन कुणाला भेटला, व्हेर्जेन काय म्हणाला, काय मागितलं, काय मिळालं, सगळं क्रमाने आणि व्यवस्थित लिहिलेलं.